सात मिलीमीटरचं भोक

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर. सुतारकामाचा कारखाना. कोपऱ्यात लाकडाच्या तुकड्यांचा ढीग.)

साग, फणस, जुन्या खुर्चीचा शिसवी पाय. एरवी चुलीत जाणाऱ्या या ढिगातून आपल्या नवख्याने लाकडी पेन करायला एक छान तुकडा निवडलाय आणि लगेच चाकूने गोल तासायला घेतलाय. मेस्त्री आतूनच ओरडतात, "थांब की रे! आधी भोक पाड, मग तास."

पहिलं पेन करणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच फसतो. डोळ्यांसमोर पेनाचा बाहेरचा आकार असतो, म्हणून हात तिकडेच जातो. पण गोल केलेली कांडी शिकंज्यात घट्ट बसत नाही, ड्रिलचं बीट (भोक पाडणारं पातं) लागताच फिरते. शिवाय तिचा मध्य शोधायचा कसा? चौकोनी तुकड्याच्या तोंडावर दोन कर्ण मारले की मध्य मिळतो. लाकडी पेन आतून बाहेर घडत जातं. भोक सरळ गेलं तर बाकीचं काम निभावतं.

(दृश्य: टेबलावर मांडलेले सुटे भाग.)

हा स्लिमलाइन नावाचा साधा संच. दोन पितळी नळ्या, पुढचं टोक, रिफिल पुढे-मागे करणारी फिरकी, मधली कडी, क्लिप, वरचं टोपण आणि रिफिल. नळी बाहेरून 7 मिलीमीटर, लांबीला साधारण 53. संचासंचात थोडा फरक असतो, म्हणून आधी वर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावून मोजा. लाकूड पाऊण इंच चौरस, म्हणजे 19 मिलीमीटर घ्यायचं. प्रत्येक नळीसाठी तिच्यापेक्षा तीन मिलीमीटर लांब तुकडा कापायचा. कापण्याआधी लाकडाच्या एका बाजूवर पेन्सिलने लांब तिरकी रेघ ओढून ठेवा. नाहीतर दोन तुकड्यांची दिशा हरवते आणि पेनात लाकडाच्या रेषा मधल्या कडीपाशी तुटलेल्या दिसतात.

लाकूड वाळलेलं हवं, आणि या भागात हे विसरून चालत नाही. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळाभर हवा ओली असते, अथणीकडे उन्हाळ्यात कोरडी ठाक. जुलैत खानापुरात केलेलं पेन एप्रिलमध्ये अथणीला गेलं की लाकूड आकसतं. आतली पितळी नळी आकसत नाही, म्हणून लाकूड उभं चिरतं. तुकडा वजनकाट्यावर ठेवून आठवड्याला वजन लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड त्या हवेपुरतं वाळलं. जुन्या खिडकी-दरवाजाचा साग सर्वांत भरवशाचा. शिसवही सुताराकडच्या तुकड्यांतलंच घ्या. जंगलातून तोडून आणायला वनखात्याची परवानगी लागते.

(दृश्य: ड्रिल. बीटाचं टोक अगदी जवळून.)

आता भोक. मध्यावर पंच मारून खळगा करा, नाहीतर बीट सुरुवातीलाच घसरतं. तुकडा शिकंज्यात उभा धरा आणि गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) दोन बाजूंनी लावून बघा, एका बाजूने सरळ दिसणारा तुकडा दुसऱ्या बाजूने कललेला असतो. ड्रिल हातात असेल तर शेजारी एक जण उभा हवा. "मामा, सरळ हाय का बघा की," असं विचारायला लाजू नये. दर 10 मिलीमीटरला बीट बाहेर काढून भुसा झटकायचा. नवखा एका दमात आरपार जायला बघतो. मग भुसा बीटाच्या खोबणीत दाबला जातो, बीट तापतं, धूर येतो आणि लाकूड आतून तडकतं. पलीकडून बाहेर पडतानाही कपचा उडतो. त्यासाठी खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट दाबून ठेवायचा.

नळी चिकटवण्याआधी 120 नंबरच्या पॉलिश पेपरने बाहेरून खरवडा, गुळगुळीत पितळेला गोंद धरत नाही. गोंद नळीच्या आत शिरू नये म्हणून कच्च्या बटाट्याच्या चकतीत नळीचं तोंड दाबायचं, बटाट्याचा बूच आपोआप बसतो. बेळगाव तालुक्यात बटाट्याला काय तोटा! गोंद मात्र दोन ट्यूबांचा एपॉक्सी घ्या, दोन्ही सारखे मिसळा आणि नळी फिरवत फिरवत आत सरकवा. फेविक्विक घेतला तर नळी अर्ध्यात असतानाच तो पकडतो. मग ती ना पुढे जाते ना मागे. एक रात्र वाळू द्या आणि बूच टोकरून काढा.

नळीच्या टोकांबाहेरचं जास्तीचं लाकूड काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून उतरवायचं. तुकडा गुण्याला टेकवूनच घासा. पितळ चमकलं की थांबायचं. तोंड काटकोनात नसेल तर जोडताना कडीशी फट राहते आणि ती कशानेही बुजत नाही.

(दृश्य: रंधा आणि कानस.)

चौकोनाचा आधी अष्टकोन करायचा. 19 मिलीमीटरच्या बाजूवर दोन्ही कडांपासून साडेपाच मिलीमीटरवर रेघा मारून कोपरे रंध्याने उतरवा. मग 6 मिलीमीटरच्या आटेदार रॉडवर तुकडा दोन नटांत आवळा, रॉड टेबलाला बांधलेल्या ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे बीट धरणाऱ्या तोंडात, धरा आणि फिरत्या लाकडाला कानस लावा. बाह्या वर, तोंडाला मास्क, कारण शिसवाच्या भुशाने अनेकांना खाज आणि शिंका येतात. फिरत्या लाकडाजवळ फडकं नेऊ नका, ते क्षणात गुंडाळलं जातं आणि बोटही ओढतं.

आणि इथे नवख्याचं पेन लाटण्याएवढं जाड राहतं. लाकूड पातळ करायचा धीर होत नाही. खरंच नाजूक काम आहे ते. संचाची टोकं साधारण 8.4 मिलीमीटर जाडीची असतात आणि नळी 7 ची, म्हणजे कडेला लाकूड जेमतेम 0.7 मिलीमीटर उरतं. शेवटचा अर्धा मिलीमीटर कानसने काढू नका, 120 च्या कागदाने काढा. पुढे 180, 240, 320, 400. प्रत्येक नंबरनंतर ड्रिल थांबवून लांबीच्या दिशेने हात फिरवला की आडव्या रेघा जातात. वर स्पिरीटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (लाखेचे) पातळ हात. घामाच्या हाताने हा चपडा कालांतराने मंद होतो, पण नवा हात सहज मारता येतो.

(दृश्य: शिकंजा, जबड्यांना लाकडी पट्ट्या.)

जोडणीत घाई नको. खालच्या नळीत टोक सरळ दाबा. मग उलट्या बाजूने फिरकी, एकेक मिलीमीटर. दर वेळी रिफिल घालून, फिरवून बघा. फिरकी कमी गेली तर दाबता येते. जास्त गेली तर रिफिलचं टोक कायम बाहेर राहतं आणि खिसा शाईने भरतो. वरच्या नळीत क्लिप व टोपण, मध्ये कडी, झालं.

एखादा तुकडा चिरला तर दुसरा टाकू नका. सुट्या नळ्या मिळतात. तेवढाच अर्धा पुन्हा करा, हवं तर वेगळ्या लाकडाचा: वर काळसर शिसव, खाली पिवळा फणस. फणस उजेडात हळूहळू तपकिरी होतो, तेव्हा जोडी ठरवताना तेही धरून चाला.