‘पेशंट सहकार्य करत नाही’: रात्रपाळीच्या नोंदीविषयी

(परिचारिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी बरेच जण सर्जरी, ऑर्थो, मेडिसिनच्या वॉर्डांतून आलात, हे बरं झालं. मानसिक अवस्थेची तपासणी म्हणजे मानसोपचार विभागाचं काम, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती पहिल्यांदा करायची वेळ तुमच्यावरच येते, तीही रात्री.

समजा, मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेला पन्नाशीचा माणूस आहे. दोन दिवस ठीक होता. तिसऱ्या रात्री सलाइन उपटतो, चादरीवरून नसलेले किडे झटकतो, वॉर्डातल्या मावशींना बहीण समजून हाका मारतो. सकाळी राउंडला डॉक्टर येतात तेव्हा गडी गाढ झोपलेला. केस पेपरवर काय असतं? ‘रात्रभर त्रास दिला. सहकार्य करत नाही.’ मग सायकियाट्रीला कॉल जातो आणि नातेवाइकांच्या मनात ‘डोक्यावर परिणाम झाला’ हे पक्कं होतं.

त्या नोंदीतून कोणालाच काही कळत नाही. याउलट असं लिहा: ‘रात्री २ वाजता घामाघूम, हात थरथरतात, पल्स १२४, टेंपरेचर वाढलेलं, किडे दिसतात म्हणतो, आपण घरी आहोत असं सांगतो, पहाटे ५ ला स्वतःचं नाव आणि हॉस्पिटल बरोबर सांगितलं.’ हे वाचणाऱ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असेल: दारू घेत होता का, शेवटची कधी? रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की साधारण दोन ते चार दिवसांत डिलिरियम ट्रेमेन्स (दारू सुटल्याने येणारा थरथर, भास आणि गोंधळाचा झटका) होऊ शकतो, आणि उपचार नाही मिळाले तर त्यात माणूस दगावतो. ऑर्थोमध्ये हे वरचेवर दिसतं, कारण हाड मोडलं त्याच दिवशी बाटलीही सुटलेली असते. अशा माणसाला थायमिन (व्हिटॅमिन बी-१) द्यायचं राहून नुसतं ग्लुकोज चढवत गेलो, तर वर्निके एन्सेफॅलोपथीचा, म्हणजे थायमिनअभावी मेंदूला होणाऱ्या इजेचा, धोका वाढतो. अर्थात शुगर घसरलेली असेल तर थायमिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवायचं नाही.

दारूचा प्रश्न नसेल तरी गोंधळलेल्या माणसाची शुगर, ऑक्सिजन, बीपी, ताप आणि लघवी तुंबली आहे का, एवढं आधी बघायचं. म्हाताऱ्या माणसात सोडियम उतरणं, लघवीचा जंतुसंसर्ग, नवीन सुरू झालेली गोळी, काही आठवड्यांपूर्वी मोरीत घसरून डोक्याला लागलेला नि घरचे विसरून गेलेला मार, यांतलं काहीही कारण असू शकतं. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच भास होऊ लागले, आणि तेही आवाजांचे कमी नि दिसण्याचे जास्त, तर मी आधी शरीरातच कारण शोधते.

शरीरातल्या बिघाडामुळे अचानक येणाऱ्या अशा गोंधळाला डिलिरियम म्हणतात. त्याची खूण म्हणजे लक्ष न टिकणं आणि अवस्था तासातासाला बदलणं. डॉक्टर पेशंटपाशी पाच-दहा मिनिटं असतात. चढउतार दिसतो तो तुम्हाला. लक्ष तपासायला वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. शुक्रवारपाशी धागा सुटला, मध्येच खिडकीकडे बघायला लागला, तर तेही तसंच लिहा. आणि एक विनंती: गप्प पडून राहणाऱ्याला विसरू नका. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. निपचित पडलेल्या आजीला मात्र आपण ‘शांत, झोपलेली’ लिहून मोकळे होतो. डिलिरियमचा हा सुस्त प्रकार सगळ्यात जास्त निसटतो.

प्रश्न विचारतानाही तारतम्य हवं. ‘आज तारीख काय?’ हे शाळेत न गेलेल्या शेतकरी बाईला विचारून चुकलं म्हणून गुण कापणं मला पटत नाही. आज बाजार कुठल्या गावचा, नुकताच कोणता सण झाला, पेरण्या झाल्या का, हे विचारा. स्मरण, लक्ष वगैरे तपासणारी ३० गुणांची प्रसिद्ध प्रश्नावली, एमएमएसई, १९७५ साली अमेरिकेत आली. आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी तिचं हिंदी रूप बेतावं लागलं, ते याच अडचणीपायी.

पेशंट किती शुद्धीत आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलबद्दल एवढंच, की नुसती बेरीज लिहू नका. डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६ असे तीन आकडे वेगवेगळे लिहा. कॅटाटोनियातला, म्हणजे मानसिक वा शारीरिक आजारात जागा असून थिजल्यासारखा झालेला, माणूस डोळे उघडे ठेवून एक शब्द बोलत नाही. बोलण्याचा १ येतो, बेरीज खाली जाते आणि वाचणारा फसतो. त्याचा हात उचलून सोडला तर तो तसाच अधांतरी राहतो का, हे लिहिलंत तर डॉक्टरांना दिशा मिळते.

मानसोपचार वॉर्डात याच घोळाची उलटी बाजू दिसते. हॅलोपेरिडॉल (भास-भ्रमांवरचं औषध) सुरू झालं आणि पेशंट येरझारा घालू लागला, बसला की पाय हलवतो, पुन्हा उठतो. नोंद होते ‘अस्वस्थता वाढली’. डोस वाढतो, येरझाराही वाढतात. हा आजार उसळला नसून औषधाचा परिणाम, म्हणजे अकॅथिसिया, असू शकतो. ‘आतून बसवत नाही का?’ असं विचारा. बहुतेक जण लगेच हो म्हणतात. याच औषधांवर ताप चढला, अंग लाकडासारखं ताठ झालं, बीपी वरखाली होऊ लागलं, तर पुढचा डोस देऊ नका, डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवा.

हातपाय बांधण्याबद्दल इथे येताना दोघींनी विचारलं होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचं कलम ९७ मानसिक आरोग्य आस्थापनांना लागू आहे. तात्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल आणि प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांची परवानगी असेल, तेव्हाच बांधता येतं. पद्धत, कारण आणि किती वेळ, हे लगेच केस पेपरवर लिहायचं. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे कायद्याने पेशंटच्या वतीने नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवायचं. ऑर्थो वॉर्डात तुम्ही याच शिस्तीने वागावं असं माझं मत आहे. आणि पट्टा हातात घ्यायच्या आधी ग्लुकोमीटर घ्या. शुगर बघायला एक मिनिटही लागत नाही.