न बघणाऱ्या अंगठ्यासाठी

मित्रहो, आत्ता तुमच्या हातात संत्रं दिलं आणि माझ्याकडे बघत बघत सोला म्हटलं, तर कुणाला अवघड जाईल? आपण नागपूरची माणसं. देठापाशी साल कुठे सैल आहे, ते अंगठा स्वतःच शोधतो. व्हिडिओ गेम खेळताना हातात धरायचा तो गेम कंट्रोलर, त्याची सगळी विद्या मला इथेच दिसते. डोळे पडद्यावर खिळलेले असताना अंगठ्याला आपली जागा कळली पाहिजे.

१९७७ मध्ये अटारी कंपनीचं व्हिडिओ गेमचं यंत्र आलं, त्याच्यासोबत जॉयस्टिक होती. चौकोनी डबी, तिच्यावर उभा दांडा आणि कोपऱ्यात एकच बटण. दिशा बदलायची तर मूठ आणि मनगट हलवायचं.

निन्टेंडो या जपानी गेम कंपनीतल्या गुन्पेई योकोईंपुढे १९८२ मध्ये वेगळी अडचण आली. डाँकी काँगचा खेळ त्यांना पुस्तकासारखा मिटणाऱ्या, खिशात मावणाऱ्या यंत्रात बसवायचा होता. दांडा वर राहिला तर ते मिटणार कसं? त्यांनी दांडा काढला आणि अधिकच्या चिन्हासारखं चपटं बटण बसवलं. या बटणाच्या मधोमध, खालच्या बाजूला टेकू असतो. जत्रेतल्या सी-सॉसारखी उजवी बाजू दाबली की डावी वर येते, त्यामुळे डावं-उजवं एकाच वेळी दाबलं जात नाही. घाईत खेळणारा गोंधळला, तरी बटण त्याला सांभाळून घेतं. न बघता चाचपलं तरी चारही दिशा अंगठ्याला लागतात. पुढच्याच वर्षी हे बटण फॅमिकॉममध्ये, म्हणजे निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रात आलं. इतक्या साध्या वस्तूत इतका विचार, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी होती ती फॅमिकॉमची नक्कल. मे महिन्यात कूलरसमोर आम्ही सगळे पोट्टे एकच कंट्रोलर आळीपाळीने वापरायचो. घामट हात, त्यात चिवड्याचं तेल. उडी मारायचं बटण हमखास बसायचं. मग बर्डीच्या एका बोळात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे धाव. ते मागचे स्क्रू काढायचे. बटणाखाली रबराची पट्टी असते, तिला खालून काळी कार्बनची टिकली. बटण दाबलं की टिकली पट्टीखालच्या बोर्डावर टेकते आणि दोन वाटा जोडल्या जातात. मध्ये मळ साचला की जोड तुटते. काका शाळेच्या खोडरबराने बोर्ड घासायचे आणि बटण पुन्हा चालू व्हायचं. मी या क्षेत्रात आलो तो त्या खोडरबरामुळे.

१९९४ च्या सोनीच्या प्लेस्टेशन या यंत्राच्या कंट्रोलरवर, बटणांना तेइयू गोतो यांनी अक्षरांऐवजी आकृत्या दिल्या: त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन. त्यांच्या मनात वर्तुळ म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार होता. अमेरिकेतल्या खेळांत मात्र फुलीच होकाराची झाली.

आता अंगठ्याने फिरवायच्या दांडीकडे येऊ. तिच्या तळाशी बहुतेक वेळा पोटेन्शियोमीटर असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या खुंटीत असायचा त्याच जातीचा. कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत राहते. पट्टी झिजली की दांडीला हात न लावताही पडद्यावरचा माणूस सरकू लागतो. "भाऊ, हा आपोआप चालून राहिला," अशी तक्रार पोरं घेऊन येतात तेव्हा बिघाड बहुधा तिथेच असतो. यावर उपाय आहे. दांडीला चुंबक लावायचं आणि त्याची जागा सेन्सरने ओळखायची, म्हणजे घासणंच नाही. सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्ट या यंत्रात तसं केलं होतं. इतक्या वर्षांनीही हा उपाय सगळीकडे वापरला जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण हा सगळा विचार कुणाच्या हातासाठी? २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचं खेळाचं यंत्र, पहिला एक्सबॉक्स, आला तेव्हा त्याचा कंट्रोलर थोराड होता. जपानसाठी लहान केला, आणि पुढे तोच सगळीकडे चालला. ज्यांचा अंगठा चालत नाही, ज्यांना एकच हात आहे, त्यांचा विचार व्हायला मात्र फार उशीर झाला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तळहाताएवढ्या दोन बटणांचा कंट्रोलर आणला. मागच्या बाजूला ओळीने जोडण्या आहेत. पायाने दाबायचं बटण, हनुवटीने हलवायची दांडी, ज्याला जे जमेल ते तिथे जोडायचं.

या टेबलावर चार जुने कंट्रोलर उघडून ठेवले आहेत. रांगेने या, डोळे मिटा आणि अधिकच्या बटणाखालचा तो टेकू बोटाने शोधा. खोडरबरही ठेवलंय.