उपाशी घोड्याला पोटभर देऊ नका

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं मला सोपं जाईल. आमच्या तबेल्यात आलेला पहिला म्हातारा घोडा माझ्या हातून गेला. वरातीचा होता, पांढरा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, आणि आल्या आल्या मी त्याच्यापुढे चंदीची पाटी भरून ठेवली, हरभरा, भरडा, वर गूळ. त्याने ते अधाशासारखं खाल्लं आणि आम्ही सगळे भोवती उभे, कोणी फोटो काढतंय, कोणी डोळे पुसतंय. चौथ्या दिवशी पहाटे तो पडला तो उठला नाही.

मला वाटलं पोटशूळ असेल. डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. कित्येक आठवडे उपाशी असलेलं शरीर आधी चरबी आणि मग स्वतःचे स्नायू जाळून जगत असतं, आणि त्यात एकदम धान्य गेलं, म्हणजे भरपूर स्टार्च आणि साखर, की इन्सुलिन वाढतं आणि रक्तात उरलंसुरलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं, मग हृदयाला आणि श्वासाच्या स्नायूंना काही उरतच नाही. हे पहिल्या दिवशी होत नाही हो, तीन ते पाच दिवसांनी होतं, नेमकं आपण म्हणत असतो की चला, सावरला आता, तेव्हा.

म्हणून चांदणी नावाची म्हातारी घोडी आली तेव्हा मी पाटी भरली नाही. आधी ती मुंबईत व्हिक्टोरियाला, म्हणजे घोडागाडीला, जुंपलेली होती; त्या गाड्या 2015 मध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या, त्यानंतर ती वरातींना गेली, आणि लंगडायला लागल्यावर हायवेच्या कडेला कोणीतरी सोडून दिली, असं आणणाऱ्यांनी सांगितलं. वय आम्ही दातांवरून काढलं. वरच्या शेवटच्या पुढच्या दातावर एक तपकिरी खाच असते, दहाव्या वर्षाच्या सुमारास ती हिरडीपाशी दिसायला लागते, विसाव्यापर्यंत दातभर उतरते आणि मग वरून पुसत जाते. चांदणीची वरची अर्धी पुसली होती, म्हणजे पंचवीसच्या आसपास. वजनकाटा कुठून आणणार, टेपच लावली. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला अंगाच्या लांबीने गुणायचं आणि 11,880 ने भागायचं. घेर 138, लांबी 140. साधारण 224 किलो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथे उपाशी घोड्यांवर यासाठीच काम झालंय, आणि त्यांना लसूणघास, म्हणजे अल्फाल्फाचा चारा, सगळ्यात बरा वाटला, कारण त्यात स्टार्च कमी आणि प्रोटीन, फॉस्फरस, मॅग्नेशियम जास्त. लसूणघास आपल्याकडे कुठल्याही गोठ्यात मिळतो! तर दर चार तासांनी वाळवलेला, कुट्टी केलेला, भिजवलेला लसूणघास पावशेर, रात्री दोनलासुद्धा, पहिले तीन दिवस एवढंच, मग हळूहळू वाढवत दहाव्या दिवसापर्यंत पुरेसं. चंदीचा दाणा नाही. ती रिकाम्या घमेल्याला नाक लावून माझ्याकडे बघायची आणि मी घमेलं उचलून न्यायचे, ते दहा दिवस फार अवघड गेले. गावातल्या एक आजी रोज गूळ घेऊन यायच्या, त्यांना मी हात जोडून सांगितलं, आजी, सध्या नको, तर त्या रागावून गेल्या, पण दुसऱ्या दिवशी खरारा घेऊन आल्या आणि रोज तासभर तिचं अंग चोळत बसल्या.

भिजवायचं कारण दात. घोड्याचे दात आयुष्यभर झिजतात आणि वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहतात, म्हातारपणी सरकायला दातच उरत नाही. चांदणी कोरडं गवत चघळून त्याचे गोळे बाहेर टाकायची, दावणीखाली सडा पडलेला असायचा. आधीच्या मालकाला वाटलं असेल नखरे करतेय, पण तिला चावताच येत नव्हतं, आणि माझ्या मते निम्मे म्हातारे घोडे असेच दावणीला गवत असून उपाशी राहतात. डॉक्टरांनी दातांची धारदार टोकं कानशीने घासली, पण तेही थोडी ताकद आल्यावर. जंताचं औषधही लगेच नाही, कारण अशक्त आतड्यात एकदम खूप जंत मेले तर उलटं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र लगेच, घोड्याला तो फार पटकन होतो.

खुरांचं सांगते. पुढचे खूर चपलेसारखे वर वळलेले. आमचे नालबंद काका तर ते बघून खालीच बसले, म्हणाले, ताई, एकदम कापलं तर शिरा ताणतील, थोडं थोडं काढू. दर पाच-सहा आठवड्यांनी ते येतात. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे वरून खालपर्यंत नवा खूर यायला वर्ष लागतं.

पोलिसात का नाही गेलात, असं विचारतात लोक. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. मला याचा राग येतो. आणि ज्या घोडेवाल्याचं स्वतःचंच घर जनावरावर चालतं त्याच्या म्हाताऱ्या जनावराचं काय करायचं हे कोणीच ठरवलेलं नाही, याचा जास्त येतो.

पाच महिन्यांनी घेर 152 झाला, म्हणजे 270 किलोच्या वर. पण मला आठवते ती त्याआधीची एक सकाळ. घोडा उभ्याने डुलकी काढतो खरा, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि दुखणारा घोडा आडवा होत नाही, कारण परत उठता येईल याची त्याला खात्री नसते. चांदणी सात आठवडे बसली नव्हती, उभ्या उभ्या पेंगून गुडघ्यावर कोसळायची, गुडघे सोललेले. आम्ही भाताच्या पेंढ्याचा हातभर जाड थर केला होता, तरी नाहीच. त्या दिवशी पहाटेचं खाणं घेऊन गेले तर ती नेहमीसारखी दाराशी उभी, पण डाव्या कुशीला, पार मांडीपर्यंत, पेंढा चिकटलेला.