हिवाळ्यात खाली उतरणारा देश

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबरात भूतानला जाऊन आले, त्याला आता दोन महिने होतील. तेव्हापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय: "बर्फ मिळाला का?" शेजारच्या वहिनींनी जिन्यात विचारला, वाण्याने विचारला, माझ्या सख्ख्या भावाने तर 'कशी आहेस' म्हणायच्या आधी विचारला. मी खरं ते सांगते. मिळाला, पण मूठभर. चेले ला नावाच्या खिंडीत, रस्त्याच्या कडेला, आणि तोही मळका. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. बिचारीचे पैसे वाया गेले!

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तरी निघताना माझ्याही डोक्यात तेच होतं. हिमालय, हिवाळा, म्हणजे बर्फ असणारच. घरातला नकाशा उघडला असता तर लाज वाटली असती. राजधानी थिंफू आहे 27 अंश अक्षांशाच्या थोडं वर, म्हणजे जयपूर आणि दिल्लीच्या मधल्या पट्ट्यात. काश्मीरला, मनालीला हिवाळ्यात बर्फ देतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळं. पूर्वेकडे सरकता सरकता त्यांचा जोर ओसरत जातो. भूतानला पाणी देतो तो आपलाच नैर्ऋत्य मान्सून, जून ते सप्टेंबर. हिवाळा कोरडा. आकाश घासून ठेवलेल्या ताटासारखं लख्ख. दुपारी ऊन पाठीला चांगलं लागतं, आणि सूर्य डोंगराआड गेला की पाच मिनिटांत कानटोपी. थिंफूला बर्फ पडतच नाही असं नाही. पण वर्षातला पहिला बर्फ पडला की सुट्टी द्यायची तिथे रीत आहे. तो किती नवलाईचा असेल ते यावरून ओळखा.

मग हिवाळ्यात तिथे बघायचं काय? एकच गोष्ट, पण ती जाईल तिथे दिसते. हिवाळ्यात तो देश खाली उतरतो. भिक्खू उतरतात, गुराखी उतरतात, याक उतरतात, आणि तिबेटातून पक्षी उतरतात. आम्ही बारा मराठी माणसं मात्र खालून वर चाललो होतो. उलट्या दिशेने.

बागडोग्र्यापर्यंत विमान, पुढे गाडीने जयगाव. जयगाव आपलं, फुंत्शोलिंग त्यांचं. मधे एक वेस. वेशीच्या अलीकडे हॉर्न, रिक्षा, भजीचा वास. पलीकडे गाड्या माणसांसाठी थांबतात. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, आणि पैसा रुपयाच्या बरोबरीचा, एका रुपयाला एक ङुल्ट्रम. आपल्याला व्हिसा लागत नाही, परवाना लागतो, आणि सध्या माणशी रात्रीला 1200 रुपये शुल्क पडतं. कागद मात्र नीट बघून न्या. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार कार्ड चालत नाही. आमच्या टूरवाल्यांनी यादीत नुसतं 'ओळखपत्र' असं लिहून आपली जबाबदारी संपवली होती, त्यामुळे आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांचं आधार घेऊन खिडकीशी पानिपत झालं. अर्धा तास बॅगा उलट्यापालट्या केल्या. शेवटी मतदार कार्ड निघालं ते काकूंच्या पिशवीतून, मेतकुटाच्या डब्याखालून.

वेशीवर आमचा भूतानी गाईड भेटला. चाळिशीचा, अंगात घो. घो म्हणजे गुडघ्यापर्यंतचा झगा, कमरेला पट्ट्याने आवळलेला, आणि त्या आवळण्याने छातीशी जो खिसा तयार होतो त्यात या माणसाने पाकीट, मोबाइल, पाण्याची बाटली आणि एकदा तर चार संत्री ठेवलेली मी पाहिली. हिंदी अस्खलित. कुठे शिकलात विचारलं, तर म्हणाला, टीव्हीवर. भूतानमध्ये टीव्ही आला 1999 साली, आणि त्याबरोबर आपल्या सासू-सुनांच्या मालिका.

त्याच्या बोलण्यात प्रत्येक वाक्याला 'ला' लागायचा. जोंखा भाषेत आदर दाखवायला शेवटी 'ला' लावतात, आपल्या 'जी'सारखा. नमस्कार म्हणजे 'कुझुझांगपो ला', आभार म्हणजे 'कादिन छे ला'. आमच्या बसमध्ये सगळे एकमेकांना काका-काकू म्हणायचे, तेही त्याने उचललं. दुसऱ्या दिवशी त्याने मागून हाक मारली, "काकू ला!" अख्खी बस वळली, "काकूला? काकूला काय झालं?" काकूला काही झालं नव्हतं. तिची छत्री राहिली होती.

थिंफूचं फार सांगत नाही. राजधानी आहे, सिग्नलचे दिवे नाहीत, चौकात पांढरे हातमोजे घातलेला पोलीस वाहतूक हाकतो. डोंगरावर 51 मीटरहून उंच बुद्धमूर्ती आहे आणि तिच्या पोटात सव्वा लाख लहान मूर्ती. आमच्या बरोबरच्या नागपूरच्या एक ताई तिथे बराच वेळ गप्प उभ्या होत्या. दीक्षाभूमीच्या अंगणात वाढलेल्या. नंतर मला म्हणाल्या, "आपल्याकडे बुद्ध एकटा असतो, शांत. इथे भोवती केवढा गोतावळा आहे!" खरंच आहे ते. गुरू पद्मसंभव, देवी तारा, दात विचकणारे रक्षक, लोण्याचे दिवे, हा वज्रयान, बौद्ध धर्माचा तिबेटी वळणाचा पंथ. पण देवळाच्या दारात एक म्हातारी माळ ओढत बसली होती. ताईंनी तिच्याजवळ बसून 'बुद्धं शरणं गच्छामि' म्हटलं, तशी तिने माळ थांबवली आणि ताईंचा हात धरला. तो बराच वेळ सोडला नाही.

तारीख होती 13 डिसेंबर. त्या दिवशी आम्ही दोचुला खिंडीत होतो, 3100 मीटरवर. गाईडने आमचा कार्यक्रम एक दिवस मागे-पुढे का केला, ते तिथे कळलं. 2003 च्या डिसेंबरात आसाममधल्या अतिरेक्यांचे भूतानच्या जंगलातले तळ मोडायला चौथे राजे स्वतः सैन्याबरोबर गेले होते. त्याची आठवण म्हणून खिंडीत 108 चोर्तेन बांधले आहेत. चोर्तेन म्हणजे आपला स्तूपच. दरवर्षी या तारखेला तिथे नाच होतो. इतर उत्सवांत मुखवटे घालून भिक्खू नाचतात. इथे सैनिक नाचतात. मागे हिमशिखरांची रांग, त्यात गांगखर पुएनसुम, 7570 मीटर. त्याच्या माथ्यावर अजून कुणाचं पाऊल पडलेलं नाही, आणि भूतानने गिर्यारोहणावर बंदीच घातल्यामुळे पडणारही नाही. पावसाळ्यात ही रांग ढगांत बुडालेली असते. हिवाळ्यातच ती अशी समोर येऊन उभी राहते.

दोचुलावर आम्ही दोन स्वेटर आणि शाल पांघरून कुडकुडत होतो. तिथून उतार लागला. वर्गात मी किती वर्षं सांगत आले: दर 160 मीटरला तापमान एक अंशाने बदलतं. त्या दिवशी ते अंगावर मोजलं. पहिल्या तासात शाल गेली, मग एक स्वेटर, मग दुसरा. पुनाखाला पोचलो तेव्हा रस्त्याला केळी होती. पुनाखा साधारण 1200 मीटरवर. म्हणूनच हिवाळ्यात थिंफूचा भिक्खुसंघ, त्यांच्या प्रमुखासह, म्हणजे 'जे खेंपो' यांच्यासह, पुनाखाला राहायला येतो आणि उन्हाळा लागता लागता परत वर जातो. पूर्वी हा प्रवास पायी व्हायचा. आपले धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात ना, तशी इथे एका देशाची धर्मसत्ता घाट उतरते.

पुनाखाचा जोंग बापनदी आणि आईनदी यांच्या संगमावर आहे. फो छू आणि मो छू, नावंच ती आहेत. जोंग म्हणजे किल्ला, पण एका अंगाला मठ आणि दुसऱ्या अंगाला जिल्ह्याची कचेरी. हा बांधायला घेतला 1637 मध्ये, झाबद्रुंग ङावांग नामग्याल यांनी, ज्यांनी भूतान एक केला. इकडे तेव्हा शिवबा सात वर्षांचे होते. झाबद्रुंग 1651 मध्ये गेले, पण मागच्यांनी पन्नासहून अधिक वर्षं ते बाहेर कळू दिलं नाही. महाराज ध्यानाला बसलेत, एवढंच सांगायचे. गाईडने हे सांगितल्यावर बँकवाले काका म्हणाले, "पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काय केलं असेल?" माझी भक्ती तिथेच संपली.

अंगणात उन्हाला पोरसवदा भिक्खू पाठांतर करत बसले होते. लाल चिवरं, नाकं वाहताहेत, एकाच्या पायात क्रिकेटचे बूट. 1907 साली 17 डिसेंबरला पहिल्या राजांचा राज्याभिषेक याच जोंगात झाला. म्हणून तो त्यांचा राष्ट्रीय दिन.

आणि आता फोब्जिखाची दरी. खरं तर याच्यासाठी मी बोलायला बसले आहे.

पुनाखाहून पुन्हा चढ. लावा ला नावाच्या खिंडीत रस्त्यावर याक उभे. मी म्हटलं, एवढ्या उंचीवर! गाईड म्हणाला, "ही त्यांची खालची जागा आहे ला. उन्हाळ्यात ते याच्याही वर असतात." पलीकडे उतरलं की एक रुंद, सपाट, पिवळी दरी. 2900 मीटर. हिमनदीने घासून रुंद केल्यासारखी, मधे पाणथळ, काठाला बटाट्याची रिकामी शेतं. विजेच्या तारा कुठेच दिसत नाहीत, जमिनीखालून नेल्यात. का, तर पक्षी आपटू नयेत म्हणून. काळ्या मानेचे क्रौंच तिबेटच्या पठारावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे येतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. लोक सांगतात, आल्यावर ते टेकडीवरच्या गांगते मठाला तीन प्रदक्षिणा घालतात. मी पाहिल्या नाहीत. आम्ही गेलो तेव्हा ते कधीच घरच्यासारखे वावरत होते.

रात्री हॉटेलात बुखारी पेटवली. बुखारी म्हणजे लाकडं जाळायची लोखंडी शेगडी. तिच्याभोवती बाराजण अर्धवर्तुळात, समोर एमा दात्शी. तिथे मिरची मसाला नाही, भाजी आहे. अख्ख्या मिरच्या चीजमध्ये शिजवतात, लाल भाताबरोबर खातात. कोल्हापूरच्या एका दादांनी "हे काय तिखट" म्हणत दोन वाट्या संपवल्या आणि तिसरीला डोळे पुसले. खोल्यांत मात्र बुखारी नव्हती, टूरवाल्यांनी कबूल केली असूनही. गाद्यांवर तीन-तीन रजया घेऊन आम्ही वळकटीसारखे पडलो.

पहाटे साडेपाचला गाईडने दार वाजवलं. "काकू ला, चलो." बाहेर गवतावर दहिवर गोठलेलं, पायाखाली पापडासारखं मोडत होतं. हा माझा बर्फ, म्हटलं तर. पाणथळीपासून बऱ्याच अंतरावर एका ओट्याशी त्याने आम्हाला उभं केलं आणि पुढे एक पाऊल टाकू दिलं नाही. क्रौंच रात्रभर उथळ पाण्यात उभे राहतात, कोल्हा-बिबट्या आला तर पाण्याचा आवाज व्हावा म्हणून. धुक्यात आधी काही दिसेना. मग राखाडी ठिपके. मग एका ठिपक्याला मान आली, काळी, आणि डोक्यावर लाल टिकली. त्याने पंख झटकले, दुसऱ्याने झटकले, एकाने मान वर करून साद घातली. जोडीदाराने लगेच उत्तर दिलं, इतकं लगेच की आवाज एकच वाटावा. पूर्वेच्या कड्यावर ऊन आलं आणि तीन-तीन, चार-चार करून ते उठले. दोन मोठे आणि मधे तपकिरी मानेचं पिल्लू. ते पिल्लू इथे पहिल्यांदाच आलेलं. आमच्या डोक्यावरून गेले, तेव्हा पंखांचा आवाज ऐकू आला, कोरी साडी झटकल्यासारखा.

फोटो काढायला दादांनी पुढे पाऊल टाकलं, तर गाईडने नुसता हात आडवा धरला. त्या सकाळी मला गाईड कशाला लागतो ते कळलं. माहिती मोबाइलवर मिळते. थांबवणारा माणूस मिळत नाही.

पारोबद्दल थोडक्यात. तक्त्संगचा मठ, वाघिणीची गुहा, सगळेच सांगतात. 3120 मीटरवर कड्याला चिकटलेला, 1998 मध्ये जळाला, पुन्हा बांधून 2005 मध्ये खुला झाला. घोडं अर्ध्या वाटेपर्यंतच जातं, पुढे आपले गुडघे. सावलीतल्या पायऱ्यांवर पाणी गोठलेलं असतं, काठी घ्या. मी गेले, आले, आणि संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या घरी दगडांच्या पाण्याने न्हाले. लाकडी लांबट टाकीचा एक कप्पा घराच्या भिंतीबाहेर काढलेला असतो. बाहेर ओढ्यातले गोटे विस्तवात लाल होईपर्यंत तापवतात, चिमट्याने त्या कप्प्यात सोडतात. चर्र होऊन पाणी उसळतं, वर दवण्यासारखा वास असलेला पाला तरंगत असतो. पाणी निवलं की आतून "ला!" ओरडायचं, बाहेरून बाई आणखी एक दगड टाकते. मी सात दगड घेतले. बाईंनी नंतर मोजून सांगितलं, आणि हसल्या.

तर बर्फ एवढाच. पण एक गोष्ट आणली आहे. त्या पहाटे मी मोबाइल चालू ठेवला होता, आणि ते ध्वनिमुद्रण इथल्या मंडळींकडे दिलं आहे. ते आता वाजवतील. आधी थोडी शांतता आहे, कंटाळू नका. मग ती जोडीची साद. मधे एक शिंक ऐकू येईल, ती माझी.