बाही मनगटापर्यंत

इंदूरचा राजवाडा. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा, डोक्यावर पदर. येणारा-जाणारा हात जोडतो. तिथून हाकेच्या अंतरावर, कापड बाजारात, पूर्ण बाहीचा ब्लाउज शिवायला टाकणारी मुलगी मात्र ‘काकूबाई’ ठरते.

तसा ब्लाउज शिवणं सोपं नाही. साडीसोबतचं ब्लाउजपीस साधारण 80 सेंटीमीटरचं. त्यात कोपरापर्यंतची बाही निघते. मनगटापर्यंत न्यायची तर बहुधा जोड द्यावा लागतो. म्हणून सव्वा मीटर कापड वेगळं घ्यायचं. सुती अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतायचं. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि शिवणीला चुण्या पडतात.

आता ही टेप पाहा. बाहीचं माप कोपर वाकवून घेतलंय. सरळ हातावर घेतलं, तर स्कूटरचं हँडल धरताच बाही वर चढते. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, खोल कापला की हात उचलताना अख्खा ब्लाउज ओढला जातो, आणि जे झाकायचं तेच उघडं पडतं. म्हणून मुंढा बगलेलगत ठेवायचा आणि बगलेत चौकोनी तुकडा लावायचा, उरेब म्हणजे तिरपा कापलेला. बंद गळ्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

ही महेश्वरी साडी. किनार उलट-सुलट दोन्हीकडून सारखी, त्यामुळे डोक्यावरचा पदर उलटला तरी उलटा दिसत नाही. किती विचार करून विणलीय! ताणा रेशमी असला की पदर घसरतो. पिन अंबाड्यापाशी, खाली कापडाचा तुकडा ठेवून लावायची. मानेजवळ पदर वीतभर सैल.

मे महिन्यात याच रस्त्यावर स्कूटरवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीने बांधतात. ऊन असतं, कुणी काही विचारत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये त्यांच्यातलीच एखादी पूर्ण बाहीत आली की सुरू: सासरच्यांनी सांगितलं का? एवढ्यात म्हातारी झालीस? ‘मला आवडतं’ हे उत्तर कुणाला पुरत नाही. बिनबाहीवालीलाही ऐकावं लागतं, दुसऱ्या बाजूने. स्थळ असो की नोकरीची मुलाखत, कपड्यावरून स्वभाव ठरवून मोकळे.

शेवटचं फिटिंग. हुक लावून दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, मग हँडल धरल्यासारखे पुढे. ब्लाउजची कड जागेवर राहिली, बाही मनगटावर राहिली, तरच मशीनची शिलाई. तोवर नुसता धावदोरा.