मेंदूत हे औषध धरतं कुणाला?

(दृश्य: बर्फात रोवलेली नळी, आत गुलाबी लगदा.)

इंडोमेथासिन हे वेदनाशामक औषध मेंदूतल्या कुठल्या प्रथिनांना धरतं, ते शोधायचंय. हा उंदराचा मेंदू. गुलाबी दिसतोय, म्हणजे रक्त राहिलंय. मेंदू काढण्याआधी हृदयातून थंड सलाइन सोडून रक्त धुऊन काढावं लागतं. ते नीट झालं नाही, तर रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन आडवं येतं. इंडोमेथासिन त्याला भरभरून चिकटतं.

इंडोमेथासिन, अ‍ॅस्पिरिन ही औषधं वेदना आणि सूज वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं. रोखलं जातं ते प्रोस्टाग्लँडिन बनवणारं कॉक्स एन्झाइम. पण तेवढंच नाही: २००७ साली इंडोमेथासिनच्या गळाला ग्लायोक्झलेज-१ हे दुसरं एन्झाइमही लागलं.

(दृश्य: काचेचा होमोजनायझर, म्हणजे मेंदू घोटायची नळी आणि दांडा.)

१ ग्रॅम मेंदूला १० मिलिलिटर थंड बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), त्यात १ टक्का सौम्य डिटर्जंट. डिटर्जंट हवंच, कारण कॉक्स पेशीतल्या पटलात रुतलेलं असतं. दांडा १०-१२ वेळा वरखाली, फेस न आणता. प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं पीएमएसएफ आयत्या वेळी घालायचं. पाण्यात ते फार टिकत नाही. मग सेंट्रिफ्यूजमध्ये १५,००० जी वर (गुरुत्वाच्या १५,००० पट) २० मिनिटं, ४ अंशाला. वर पांढरी साय धरते, ती मायलिनची, म्हणजे मज्जातंतूंवरच्या आवरणाची चरबी. पिपेट तिच्याखाली घालून मधलं पाणी तेवढं उचलायचं.

आता गळ, म्हणजे प्रथिनं ओढून काढायला शेपटी जोडलेलं औषध. इंडोमेथासिनला बायोटिन या जीवनसत्त्वाची शेपटी जोडायची सोपी जागा म्हणजे त्याचा कार्बॉक्सिल गट. गोची इथेच आहे. तो गट शेपटीशी अमाइड बंधानं बांधला, की कॉक्सच्या दोन प्रकारांपैकी कॉक्स-१ वरची पकड ढिली पडते, कॉक्स-२ वरची राहते. तेव्हा कॉक्स-१ सापडलं नाही, तर दोष मेंदूचा नव्हे, शेपटीचा.

जोडणीला लागणारं ईडीसी हे रसायन उणे २० अंशांवर असतं. मुंबईच्या जुलैत बाटली थंडगार असताना उघडली, तर आत दव धरतं आणि ईडीसी मरतं. अर्धा तास बाहेर ठेवा, मग झाकण काढा.

(दृश्य: तीन नळ्या, चुंबकाला चिकटलेले तपकिरी मणी.)

तिन्हींत मेंदूचं ते पाणी. पहिलीत नुसतं बायोटिन. दुसरीत शेपटीवालं औषध. तिसरीत आधी ३० मिनिटं १०० मायक्रोमोलर साधं औषध, मग शेपटीवालं. औषध विरघळवणारं डीएमएसओ तिन्हींत सारखंच, १ टक्क्याच्या आत. मग तिन्हींत बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनचे मणी, ४ अंशाला १ तास.

मण्यांवरची प्रथिनं सोडवून जेलवर आकारानुसार वेगळी करायची. तिथे १३० आणि ७५ किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत पट्टे दिसले की नवखा हरखतो. ते मेंदूतलेच कार्बॉक्सिलेज एन्झाइम. त्यांच्या अंगावर बायोटिन जन्मजात असतं. पेशीच्या सांगाड्यातलं ट्युब्युलिनही येतं, निव्वळ मुबलक म्हणून. भाऊच्या धक्क्यावरसुद्धा जाळ्यात आलेलं सगळं टोपलीत जात नाही.

कापायचा तो पट्टा, जो दुसरीत आहे आणि तिसरीत फिका पडलाय, कारण तिथे साध्या औषधानं जागा आधीच अडवली. ब्लेड नवं, हातमोजे नवे, नाहीतर प्रथिन ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर आपल्याच कातडीचं केराटिन मोजत बसतो.

नाव हाती आलं, की शेपटी नसलेल्या औषधावर पडताळा. मेंदूचं पाणी औषधासह आणि औषधाविना ४० ते ६४ अंशांदरम्यान ३-३ मिनिटं तापवायचं, गाळ खाली बसवायचा, वरच्या पाण्यात ते प्रथिन किती उरलं, ते वेस्टर्न ब्लॉटनं (अँटिबॉडीनं प्रथिन ओळखणारी चाचणी) पाहायचं. औषध धरलेलं प्रथिन बहुधा दोन-चार अंश जास्त तग धरतं.