आधी मांडी, मग वजन

नमस्कार, श्रोतेहो.

पायाचं प्लास्टर निघालं की माझ्याकडे येणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "मॅडम, आता किती चालू?" आणि "हे वाढलेलं वजन कसं उतरवू?" फिजिओथेरपिस्ट म्हणून दोन्हींना माझं उत्तर एकच आहे: आधी मांडी भरू द्या.

घरातली शिवणाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीपासून वीतभर वर दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. दुखावलेल्या पायाची मांडी बहुतेक वेळा बारीक भरते. पाऊल टाकताना गुडघ्याला बसणारा धक्का मांडीचा हाच स्नायू झेलतो. तो रोडावलेला असताना वजनाच्या धास्तीनं एकदम तासभर चालायला लागलात, तर गुडघा सुजतो, तुम्ही पुन्हा पलंगावर आणि वजन आणखी वर. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणूनच एवढ्या कळकळीनं सांगते आहे.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून पायावर भार द्यायला परवानगी दिली आहे, असं मी धरून चालते. नडगीचं हाड जुळायला तीन-चार महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात, तेव्हा तिथे घाई नको.

पलंगावर पाय पसरून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा. मांडीवर हात ठेवून बघा, स्नायू घट्ट लागेल, वाटी किंचित वर सरकेल. पाच अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे जमलं की गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचला. मग हाताचा टेकू न घेता खुर्चीवरून उठा-बसा. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं अगदी शेवटी. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

व्यायामानंतर थोडं दुखणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरलेलं असेल तर चालू ठेवा, सूज वाढलेली दिसली तर व्यायाम निम्म्यावर आणा.

आता वजन. ते बरंचसं वाढतं प्रेमानं आणलेल्या डिंकाच्या लाडवांनी! हाड जुळावं म्हणून आत्या डबा भरून आणते, पण त्यात तूप, गूळ, खोबरं असतं आणि आपण दिवसभर पडून. हाडाला कॅल्शियम हवं, तर 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 350 मिलिग्रॅम मिळतं. नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, ताक, चालत असेल तर अंडं, असं जेवा. उपास करून वजन उतरवू नका, त्यात स्नायूही झडतो. आठवड्याला अर्धा किलो पुरे. 2005 साली अमेरिकेत गुडघ्याच्या संधिवाताच्या वजनदार रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन घटलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवाच. पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तेल लावून चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर लगेच 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

नमस्कार.